पित्ताशयाचे ऑपरेशन : सवडीने करावे, निकडीवर नेऊ नये

आपल्याकडे 'पित्त' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या दुखण्यांना वापरला जातो. घशाशी आंबट आले, डोके चढले, की 'पित्त झाले'. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठले'. आणि सोनोग्राफीत खडे दिसले की 'पित्ताचे खडे'. यातले पहिले दुखणे जठरातील आम्लाचे, दुसरे बहुधा ॲलर्जीचे आणि तिसरे पित्ताशयाचे. नाव एक असल्यामुळे उपचारही एकच होतो. आवळा, सोडा, कोकमाचे आगळ, नाही तर मेडिकलच्या दुकानातून आणलेली ॲसिडिटीची गोळी. पहिल्या दोन दुखण्यांत हे एक वेळ चालून जाते. तिसऱ्यात मात्र महिनेच्या महिने फुकट जातात.

मी शल्यचिकित्सक नाही. घोटीत साधी प्रॅक्टिस करतो. ऑपरेशन लागेल असा रुग्ण नाशिकला किंवा तालुक्यातीलच मोठ्या रुग्णालयात पाठवतो आणि नंतर ड्रेसिंगला, टाके काढायला तो बहुधा माझ्याकडेच येतो. त्यामुळे या दुखण्याची सुरुवातही दिसते आणि शेवटही दिसतो. त्यावरून माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकतो. ज्या खड्यांनी कधी त्रास दिलेला नाही त्यांच्यासाठी सहसा ऑपरेशन करून घेऊ नये. पण ज्या खड्यांनी एकदा खरी कळ आणली, त्यांचे ऑपरेशन पुढच्या काही आठवड्यांत, सवडीने, ठरवून करून घ्यावे. ते आवणीच्या, सोंगणीच्या किंवा लग्नसराईच्या मागे ढकलू नये.

पिशवीचे काम काय?

पित्त तयार होते यकृतात, पिशवीत नव्हे. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त यकृत बनवते. पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली, पेरूच्या आकाराची छोटी पिशवी. तीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. जेवणांच्या मधल्या वेळात पित्त इथे साठते, घट्ट होते आणि तेलकट-तुपकट अन्न पोटात गेले की पिशवी आकसून ते आतड्यात सोडते. म्हणजे पिशवी हा कारखाना नाही, कोठार आहे. कोठार काढले म्हणून कारखाना बंद पडत नाही. 'पिशवी काढल्यावर पचन कसे होणार?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले.

पित्तातील कोलेस्टेरॉल किंवा रंगद्रव्य यांचे प्रमाण बिघडले आणि पिशवी नीट रिकामी झाली नाही, की खडे धरतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त. बाळंतपणे, चाळिशीनंतरचे वय, स्थूलपणा, मधुमेह, वजन झपाट्याने उतरणे ही सारी कारणे आहेत. फार लांबलेल्या कडक उपवासांत पित्त पिशवीत तसेच पडून राहते, तेही मदत करते. सिकलसेलच्या रुग्णांना तर लहान वयातच खडे होऊ शकतात.

खडा दिसला, मग?

आता सोनोग्राफी जागोजागी झाली. पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी तपासणी करावी आणि अहवालात 'पित्ताशयात खडे' असे यावे, हे रोजचे झाले आहे. असा अहवाल हातात पडला की घरातील सगळे घाबरून जातात. घाबरण्याचे कारण नाही. मुके खडे बहुतेकांच्या पोटात जन्मभर मुकेच राहतात. वर्षाला शंभरांतल्या एक ते चार जणांनाच त्यापासून त्रास सुरू होतो. केवळ अहवालात खडा आहे म्हणून ऑपरेशन सुचवले गेले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. त्यात कोणाचा अपमान नाही. अपवाद थोडे आहेत. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, पिशवीच्या भिंतीत चुना साठणे, सिकलसेल. अशा वेळी त्रास नसतानाही शल्यचिकित्सकाशी बोलावे.

खरी कळ ओळखायची कशी? बोंबलाच्या कोंबडीच्या जेवणानंतर किंवा लग्नाच्या पंगतीनंतर, बरेचदा रात्री, पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली जोराचे दुखू लागते. उजव्या खांद्याच्या मागे, पाठीत चमक जाते. उलटी होते. बसून, झोपून, पाय पोटाशी घेऊन कशानेच आराम पडत नाही. अर्धा तास ते काही तास कळ टिकते आणि मग आपोआप थांबते. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. म्हणूनच तो फसतो. पित्त झाले होते, गेले, असे म्हणतो. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. चाळिशीपुढच्या माणसाला छातीच्या खाली दुखून घाम फुटला, तर पिशवी नंतर. आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

अशी कळ एकदा आली की ती पुन्हा येण्याची शक्यता खूप असते. कधी येईल ते मात्र सांगता येत नाही.

थांबण्याची किंमत

"डॉक्टर, एवढी आवणी उरकू द्या, मग बघू." हे वाक्य मी जुलै महिन्यात ऐकतो. आवणी उरकते, मग पोळा, गणपती, नवरात्र. तोवर इंद्रायणी सोंगणीला येते. मग भात गिरणीला न्यायचा असतो. मग मुलीचे लग्न. हे सांगणाऱ्या मावशी काही निष्काळजी नसतात. शेतावर एक बाई कमी झाली तर रोजाने दुसरी लावावी लागते, हा त्यांचा हिशेब खोटा नाही. पण हिशेबाची दुसरी बाजू त्यांना कोणी सांगितलेली नसते. ती अशी.

खडा पिशवीच्या तोंडाशी अडकून बसला की पिशवी सुजते. कळ सहा तासांपेक्षा जास्त टिकते, ताप येतो. खडा घसरून मुख्य पित्तनलिकेत उतरला तर कावीळ होते. लघवी गडद पिवळी, संडास मातकट पांढरी. त्यात थंडी वाजून ताप आला, तर नलिकेत पू होत असतो आणि तासांचा प्रश्न असतो. खडा आणखी खाली जाऊन अडला तर स्वादुपिंडाला सूज येते. या आजाराचा तीव्र प्रकार जीवावर बेततो. लहान खडे जास्त धोक्याचे, कारण तेच नलिकेत घसरतात. 'बारीकच आहेत, पडून जातील' असे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काविळीविषयी आणखी एक. आपल्या भागात कावीळ झाली की गळ्यात माळ घालून घेणे, हात धुऊन पिवळे पाणी उतरवणे चालते. साथीची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, म्हणून श्रेय माळेला मिळते. खड्याची कावीळ मात्र माळेने उतरत नाही. पोट दुखून कावीळ झाली असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी हवी.

सवडीने केलेले ऑपरेशन आणि निकडीचे ऑपरेशन यांत फरक काय? सवडीच्या वेळी पिशवी शांत असते, आतील रचना स्पष्ट दिसते, रक्तातील साखर ताब्यात आणलेली असते आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. निकडीच्या वेळी पिशवी सुजलेली, आजूबाजूला चिकटलेली असते. दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन पोट उघडून पुरे करावे लागण्याची शक्यता वाढते. नलिकेत खडा असेल तर तो तोंडातून दुर्बीण घालून आधी वेगळा काढावा लागतो. रुग्णालयातील दिवस वाढतात, खर्च वाढतो. तरीही सूज आलीच, तर पहिल्या काही दिवसांत शल्यचिकित्सक ऑपरेशनचा सल्ला देत असतील तर तो मानावा. पूर्वी सूज ओसरण्यासाठी सहा आठवडे थांबत. आता शक्य तिथे लवकर करणेच योग्य मानले जाते.

पैशाचेही तसेच आहे. राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनआरोग्य योजनेत कोणते ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसते, कोणती कागदपत्रे लागतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारता येते. मंजुरीला वेळ लागतो. दुखणे शांत असताना ही सगळी विचारपूस होते. मध्यरात्री कण्हणाऱ्या माणसाला गाडीत घालून नाशिकचा रस्ता धरल्यावर जे दार आधी उघडते तिथे जावे लागते.

खडे विरघळत का नाहीत?

'पिशवी कशाला, नुसते खडे काढा' असे अनेक जण म्हणतात. बर्लिनचे शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा पित्ताशय काढले. रुग्ण ४३ वर्षांचा होता आणि १६ वर्षे या दुखण्याने बेजार होता. तोवर पिशवीला छेद देऊन खडे काढत आणि ते पुन्हा होत. लांगेनबुख यांचे म्हणणे असे होते की, पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर पिशवी खडे बनवते म्हणून ती काढायची. आजही ते खरे आहे. मूत्रखड्यावरची पानफुटी, कुळथाचे पाणी यांचा पित्तखड्यांशी संबंध नाही; लघवीची वाट वेगळी, पित्ताची वेगळी. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन संडासातून हिरवे खडे पडल्याचे लोक दाखवतात. ते खडे तपासले गेले आहेत. ते त्या तेलाचेच पोटात बनलेले साबणासारखे गोळे असतात.

दुर्बिणीच्या पद्धतीची सुरुवात जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली केली. आपल्याकडे ती आणली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी, १९९० साली. हे सरकारी रुग्णालय, येणारे बहुतेक रुग्ण गरीब. ही पद्धत श्रीमंतांची चैन नाही; लवकर कामावर परतता येत असल्याने हातावर पोट असणाऱ्याला तिचा फायदा अधिक आहे, हा विचार डॉ. उदवाडिया यांनी मांडला. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २०२३ साली ते निवर्तले. घोटीसारख्या गावातील शेतकऱ्याला आज पोटावर वीतभर चिरा न घेता घरी येता येते, त्यामागे हा इतिहास आहे.

ऑपरेशनचा दिवस

आधी रक्त, लघवी, यकृताच्या तपासण्या, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख होतो. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे, पूर्वीची ॲलर्जी हे सारे भूलतज्ज्ञांना सांगावे. कोणती गोळी बंद करायची, कोणती घ्यायची, ते तेच ठरवतील. तंबाखू आणि विडी काही आठवडे आधी सोडली तर छाती साफ राहते. साधारण सहा तास आधी जेवण बंद. 'चहाचा घोटच घेतला' हे लपवू नये. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न फुप्फुसात जाण्याची भीती असते.

पूर्ण भूल देतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि बेंबीपाशी एक व वरच्या बाजूला तीन अशी बहुधा चार छोटी छिद्रे घेतात. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारे. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी यांना चिमटे लावून पिशवी सोडवतात आणि छिद्रातून बाहेर काढतात. साधारण तासाभराचे काम. सही करताना दोन गोष्टी समजून घ्याव्यात. सवडीच्या ऑपरेशनांतही शंभरांतल्या काही मोजक्या रुग्णांचे पोट उघडावे लागते. तो डॉक्टरांचा पराभव नाही, सावधपणा आहे. दुसरी गोष्ट, हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते. ती गंभीर गुंतागुंत आहे. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातांकडूनच करून घ्यावे आणि 'आपण अशी किती केलीत?' हे विचारायला संकोचू नये.

शुद्धीवर आल्यावर मळमळ होते, घसा दुखतो. पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखतो, तेव्हा रुग्ण घाबरतो. तो वायूचा परिणाम. दोन-तीन दिवसांत जातो. त्याच संध्याकाळी आधार घेऊन चालावे. चालल्याने वायू सरतो आणि पायात रक्ताची गुठळी धरत नाही.

घरी आल्यावर

माझा खरा आग्रह इथे आहे. छिद्रे लहान असतात म्हणून ऑपरेशन लहान नसते. पोटातून एक अवयव काढलेला असतो. पुरुषाचे ऑपरेशन झाले तर घर पंधरा दिवस त्याला उठू देत नाही. बाईचे झाले तर चौथ्या दिवशी ती चुलीपुढे असते, आठव्या दिवशी हंडा तिच्या कमरेवर असतो. हे मी पुष्कळदा पाहिले आहे. भरलेल्या हंड्याचे वजन सहज पंधरा किलो होते. बेंबीच्या छिद्रातून पुढे हर्निया बाहेर येतो तो अशानेच. सासूबाईंनी आणि नवऱ्याने हे लक्षात घ्यावे.

साधारण वेळापत्रक असे. पहिला आठवडा घरातल्या घरात हिंडणे-फिरणे, स्वतःची कामे. आठवडा-दोन आठवड्यांत दुकान, शाळा, कचेरी. मोटारसायकल, झटकन ब्रेक दाबताना पोट दुखत नाही अशी खात्री झाल्यावर. भाताचे पोते, हंडा, चिखलात वाकून आवणी हे चार ते सहा आठवडे नाही. पोट उघडून ऑपरेशन झाले असेल तर सहा ते आठ आठवडे. म्हणजे शेतकऱ्याने उन्हाळ्यात किंवा आवणी-सोंगणीच्या मधल्या काळात तारीख घ्यावी. सवडीने करण्याचा हाही फायदा.

आंघोळ कधी करायची ते पट्टी पाहून डॉक्टर सांगतील. बहुधा एक-दोन दिवसांत करता येते. आपल्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. ओलसर कपडा जखमेवर राहू देऊ नये. हळद, राख, कसलाही लेप लावू नये.

पथ्याचा आपल्याकडे अतिरेक होतो. 'भात खाल्ला की टाके पिकतात' ही समजूत तर भाताच्याच गावात ऐकू येते. टाके जंतूंमुळे पिकतात, भातामुळे नव्हे. पहिल्या दिवशी पाणी, चहा, पेज. मग मऊ भात, मुगाचे वरण, भाजी, भाकरी. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणून डाळ, दूध, अंडे जरूर घ्यावे. वडे, भजी, तर्री मात्र काही आठवडे बेताने. थोडे थोडे, तीनाऐवजी चार-पाच वेळा खावे. पित्त आता साठून न राहता सतत आतड्यात उतरत असते, त्यामुळे काहींना जेवणानंतर पातळ संडास होते. बहुतेकांची काही आठवड्यांत थांबते. रेंगाळली तर औषध आहे, सोसत बसू नये.

पुढील लक्षणांत मात्र 'ऑपरेशन झाल्यावर असे होणारच' म्हणून थांबू नये. ताप किंवा थंडी, कमी होण्याऐवजी वाढणारी पोटदुखी, पोट फुगणे, वारंवार उलट्या, डोळे पिवळे होणे, छिद्रातून पू किंवा पिवळे पाणी, पोटरी सुजणे, दम लागणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, जिथे ऑपरेशन झाले तिथे जावे.

रुग्णालयातून निघताना आणखी एक मागून घ्यावे. खडे बाटलीत भरून घरी दाखवायला सगळेच आणतात. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, हे फार थोडे विचारतात. क्वचित तिच्यात कर्करोगाची सुरुवात सापडते आणि ती वेळेवर कळणे मोलाचे असते. तो अहवाल खड्यांच्या बाटलीपेक्षा महत्त्वाचा. तो जपून ठेवावा आणि टाके काढायला याल तेव्हा बरोबर आणावा.